घर कोणाचे, आणि समोर बसलेला माणूस कोण?

घर भाड्याने घेताना आपण घर कसून पाहतो. नळाला पाणी कितपत येते, भिंतींना ओल आहे का, खिडक्या नीट लागतात का, वरच्या मजल्यावर कोण राहते, हे सगळे विचारून होते. घरमालकही आपल्याला कसून पाहतो. पगाराचा पुरावा, ओळखपत्र, आधीच्या घरमालकाचा अभिप्राय असे बरेच काही मागतो आणि आपण ते निमूटपणे देतो. मात्र ज्याच्या हाती अनामत रक्कम सोपवायची तो खरोखर घरमालक आहे का, हे विचारताना संकोच आपल्यालाच वाटतो. ओळखीतली मंडळी करारावर सही करण्यापूर्वी कागद माझ्याकडे पाठवतात, त्यामुळे असे बरेच संच नजरेखालून गेले आहेत, आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कागद भरपूर असतात, पण ते सगळेच्या सगळे घर देणाऱ्यानेच पाठवलेले असतात. ज्याची खातरजमा करायची, त्यानेच दिलेल्या कागदांवरून ती पुरी कशी होणार? निदान एक कागद तरी आपण स्वतः, त्रयस्थ ठिकाणाहून मिळवलेला असला पाहिजे.

यात मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फसवणूक होते ती बहुतेक वेळा त्यांची गल्लत झाल्यामुळे. या घराचा मालक कोण, हा पहिला प्रश्न. माझ्यासमोर बसलेला, किंवा फोनवर बोलणारा, माणूस तोच आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरकारी नोंदीत मिळते, दुसऱ्याचे तिथे मिळत नाही. खोटे कागद घेऊन आलेला माणूस तुलनेने लवकर उघडा पडतो. खरे कागद घेऊन आलेला खोटा माणूस मात्र अनेक चाळण्यांतून सहज पार होतो, कारण कागद जितका तपासावा तितका तो खराच निघतो आणि आपला विश्वास वाढत जातो.

‘आधी राहायला जाऊ, कागदांचे मग पाहू’ असे म्हणणाऱ्यांनी कायद्यातला एक जुना नियम लक्षात घ्यावा. भाडेकरू म्हणून एकदा घरात पाऊल ठेवले, की भाडेपट्टा सुरू झाला त्या वेळी घरमालकाकडे मालकी नव्हती असे म्हणण्याची वाट भाडेकरूला बंद होते. इंग्लिश कायद्यातून आलेले हे तत्त्व भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११६ मध्ये होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. ब्रिटनमध्ये याची दुसरी बाजू १९९९ च्या ब्रुटन विरुद्ध लंडन अँड क्वाड्रंट हाउसिंग ट्रस्ट या खटल्यात दिसली. घर देणाऱ्या संस्थेकडे स्वतःची मालकी नव्हती, नगरपालिकेने दिलेला केवळ वापराचा परवाना होता. तरीही राहणारा माणूस आणि ती संस्था यांच्यापुरते घरमालक-भाडेकरू हे नाते खरे आहे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, दिला. राहणाऱ्यांना हा विजय वाटला असेल, पण २००६ मध्ये के विरुद्ध लँबेथ या खटल्यात त्याच न्यायपीठाने स्पष्ट केले, की असे नाते मूळ मालकाला बांधून ठेवत नाही. म्हणजे ज्याने घर दिले त्याच्याविरुद्ध तुमच्या हातात करार आहे, आणि ज्याचे घर आहे त्याच्याविरुद्ध काहीच नाही. कायदा भाडेकरूला अगदीच वाऱ्यावर सोडतो असेही नाही. भारताच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५० नुसार, ज्याच्याकडून घर सद्भावनेने घेतले त्याला सद्भावनेनेच दिलेले भाडे, पुढे त्याचा हक्क नव्हता असे निघाले, तरी पुन्हा वसूल केले जात नाही. पण हे भाड्यापुरते झाले. डोक्यावरचे छप्पर टिकण्याची हमी त्यात नाही, आणि गेलेली अनामतही त्याने परत येत नाही.

मालकीची नोंद कुठे आणि कशी पाहायला मिळते, हे देशागणिक बदलते. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये अशी पद्धत आणली, की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक. मागचे खरेदीखत, त्यामागचे खरेदीखत असा शोध घेत बसण्याचे कारण उरले नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. इंग्लंड आणि वेल्समध्येही मालकीचीच नोंद होते, आणि डिसेंबर १९९० पासून ती नोंदवही सर्वांना खुली आहे. थोडे शुल्क भरून कोणीही कोणत्याही नोंदणीकृत घराचा उतारा घेऊ शकतो. जर्मनीत ‘ग्रुंडबुख’ नावाची अशीच नोंदवही आहे, पण ती पाहण्यासाठी आपला न्याय्य संबंध दाखवावा लागतो. अमेरिकेत खरेदीखते बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात नोंदली जातात आणि ती सार्वजनिक असतात. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड सोडून बाकी चार विभागांचे १९६६ पासूनचे दस्त ‘अॅक्रिस’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. भारतात १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. त्यामुळे नोंदणीकृत खरेदीखत हा भक्कम पुरावा असला, तरी त्यानंतर दुसरा व्यवहार झाला आहे का, हे वेगळे शोधावे लागते.

उतारा हातात आल्यावर लोक फक्त नाव पाहून मोकळे होतात, आणि तिथेच चुकतात. इंग्लंडचा उतारा उदाहरणादाखल घेऊ. त्याचे तीन भाग असतात. पहिल्यात मालमत्तेचे वर्णन, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात बोजे, म्हणजे घरावरचे गहाण वगैरे. पहिल्या भागात इमारतीचे नाव जुळले म्हणून पुढे जायचे नाही, फ्लॅटचा क्रमांक जुळला पाहिजे. कारण पूर्ण इमारतीची मालकी एका नोंदीत आणि त्यातल्या एकेका फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा पट्टा वेगळ्या नोंदीत असतो. चुकून इमारतीची नोंद उघडली तर मालक म्हणून एखाद्या कंपनीचे नाव दिसते आणि समोरचा प्रामाणिक माणूस उगाच लबाड ठरतो. दुसऱ्या भागात मालकाच्या नावाबरोबर त्याचा पत्रव्यवहाराचा पत्ता छापलेला असतो, आणि मला सगळ्या उताऱ्यात ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. वेळ हाताशी असेल तर त्या पत्त्यावर दोन ओळींचे पत्र पाठवावे: ‘आपले अमुक घर भाड्याने घेण्याबाबत माझी अमुक व्यक्तीशी बोलणी चालू आहेत, ती आपल्या संमतीने चालू आहेत ना, एवढे कळवावे.’ घर देणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर केलेल्या दहा फोनांपेक्षा या एका पत्राचे वजन जास्त आहे, कारण तो पत्ता त्याने आपल्याला दिलेला नाही.

नोंदवही खुली असण्याची एक गोम आहे. मालकाचे नाव जसे आपल्याला कळते तसे ठकालाही कळते. तो आधी नोंद पाहतो, मालकाच्या नावाने ईमेल खाते उघडतो, त्याच नावाचे ओळखपत्र संगणकावर तयार करतो आणि मग जाहिरात देतो. आपण मोठ्या सावधपणे उतारा काढतो, नाव जुळते, आणि आपण निर्धास्त होतो. म्हणूनच उतारा हा तपासणीचा अर्धाच भाग आहे, हे मी ओळखीच्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

दुसरा अर्धा भाग माणसाचा. ओळखपत्राची छायाप्रत किंवा मोबाइलवर आलेले चित्र याला मी फारशी किंमत देत नाही. ओळखपत्र प्रत्यक्ष हातात, आणि तेही माणूस समोर असताना, पाहावे. प्रत्यक्ष भेट शक्यच नसेल तर निदान व्हिडिओ कॉलवर त्याने ओळखपत्र चेहऱ्याजवळ धरून दाखवावे, आणि शक्य असल्यास तो कॉल त्याच घरातून व्हावा. पासपोर्ट असेल तर एक तपासणी कोणालाही करता येते. छायाचित्राच्या पानावर अगदी तळाशी, बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. खालच्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, राष्ट्रीयत्व, मग जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने ६ अंकांत, मग स्त्री-पुरुषाची खूण आणि शेवटी त्याच क्रमाने मुदतीची तारीख येते. वर छापलेली जन्मतारीख आणि खालचे सहा अंक जुळले पाहिजेत. चित्रात फेरफार करणारे पुष्कळ जण वरचे नाव आणि तारीख बदलतात आणि खालच्या ओळी तशाच सोडून देतात. दोन्ही जुळले म्हणजे पासपोर्ट खरा, असे नाही. जुळले नाही तर मात्र पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

इथे घरमालकाचीही बाजू आहे. अनोळखी माणसाला ओळखपत्राची प्रत देणे धोक्याचे आहे, आणि जो प्रामाणिक मालक त्याला नकार देतो त्याला मी दोष देणार नाही. तो क्रमांक झाकून ओळखपत्र दाखवू शकतो, प्रतीवर ‘केवळ अमुक भाडेकरारासाठी’ असे आडवे लिहून देऊ शकतो, किंवा प्रत न देता नुसते पाहू देऊ शकतो. आपल्याला प्रत साठवायची नाही, नाव आणि चेहरा जुळवायचा आहे. सगळ्याच मार्गांना नकार देणारा माणूस मात्र गोपनीयता जपत नसतो.

पैसे ज्या खात्यात जायचे, त्या खात्याचे नाव हा तिसरा दुवा, आणि तो पहिल्या दोघांइतकाच महत्त्वाचा. नोंदीतला मालक, ओळखपत्रावरचा माणूस आणि खातेदार, ही तिन्ही नावे एक असली पाहिजेत. नसतील तर का नाहीत, याचे लेखी उत्तर हवे. हे तपासणे अलीकडे सोपे झाले आहे. ब्रिटनमधल्या बँका २०२० पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव जुळते का ते सांगू लागल्या, युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ही सोय बंधनकारक झाली, आणि भारतात यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचे नाव पडद्यावर येतेच. ते नाव वाचण्याइतका वेळ थांबायला हवे. ‘माझे खाते सध्या बंद आहे, मेहुण्याच्या खात्यात पाठवा’ हे वाक्य ऐकले की व्यवहार तिथेच थांबवावा. रोख रक्कम, भेट कार्डे किंवा कूटचलन मागणाऱ्याविषयी वेगळे लिहायची गरज नाही.

आतापर्यंत मी मालक हा शब्द सैलपणे वापरला. खरे तर घर भाड्याने देणारा मालकच असायला हवा असे नाही, त्याला घर भाड्याने देण्याचा अधिकार असायला हवा. मूळ भाडेकरू पोटभाडेकरू ठेवतो, भाऊ परदेशातल्या बहिणीचे घर सांभाळतो, एजन्सी दहा मालकांची घरे पाहते, मुलगा दिवंगत वडिलांचे घर देतो. यांतला प्रत्येक व्यवहार सरळ असू शकतो, आणि प्रत्येकात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पोटभाडेकरू ठेवायला मूळ मालकाची लेखी संमती आहे का? स्वीडनसारख्या देशात ती संमती, किंवा ती नाकारली गेल्यास भाडे न्यायाधिकरणाची परवानगी, लागतेच. वारसाच्या बाबतीत, वारस एकच आहे की आणखी कोणी आहेत, आणि नोंद त्यांच्या नावावर झाली आहे का? नोंदीत दोन सहमालक असतील तर दुसऱ्याची सही किंवा लेखी होकार घ्यावा. विशेषतः पती-पत्नी विभक्त होत असताना एकट्यानेच घर भाड्याने दिल्याचे प्रकार घडतात आणि मग भाडेकरू दोघांच्या भांडणात मध्ये सापडतो. मालक म्हणून कंपनी असेल तर सही करणाऱ्याला कंपनीने अधिकार दिला आहे का, ते कंपनीच्या ठरावावरून पाहावे.

कुलमुखत्यारपत्राविषयी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मालक ज्या कागदाने दुसऱ्याला देतो त्याविषयी, जरा सविस्तर लिहितो, कारण हा कागद पाहिला की लोक दबतात. त्यावर शिक्के असतात, भाषा भारदस्त असते, आणि कोणी तो पूर्ण वाचत नाही. तो वाचावा. घर भाड्याने देण्याचा आणि अनामत स्वीकारण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिला आहे का, की केवळ देखभाल करण्याचा आणि कर भरण्याचा? कोणत्या घरासाठी, कोणत्या मुदतीसाठी? साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, म्हणजे कागद खरा असूनही अधिकार संपलेला असू शकतो. म्हणून मालकाशी स्वतः एकदा बोलणे हा सोपस्कार समजू नये. मुखत्यारपत्र परदेशातून आले असेल तर त्यावर ‘अपोस्टिल’ नावाचे प्रमाणपत्र असू शकते. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार हे प्रमाणपत्र देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला त्याची क्रमांकासह नोंद ठेवावी लागते, आणि संबंधित व्यक्तीने विचारल्यास प्रमाणपत्र त्या नोंदीशी जुळते का, हे सांगावे लागते. शिक्का पाहून भारावून जाण्यापेक्षा त्यावरचा क्रमांक पाठवून चौकशी करावी. अर्थात हे प्रमाणपत्र सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगते, कागदातल्या मजकुराची हमी देत नाही.

बोजांचा भाग लोक सोडून देतात, कारण ‘कर्ज त्याचे, आपल्याला काय’ असे वाटते. घर गहाण असणे यात वावगे काहीच नाही. पण कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीशिवाय घर भाड्याने दिले असेल आणि पुढे हप्ते थकले, तर घर बँक ताब्यात घेते आणि भाडेकरूला आपले म्हणणे मांडत फिरावे लागते. भारतात बँकेची ६० दिवसांची मागणी नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. हे बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी अधिनियमाच्या कलम १३ मध्येच लिहिले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० च्या एका कायद्याने अशा संमतीविना ठेवलेल्या भाडेकरूला न्यायालयाकडून दोन महिन्यांपर्यंतची सवड मागता येते. अमेरिकेत २००९ साली आलेल्या आणि २०१८ साली कायमस्वरूपी झालेल्या कायद्यानुसार जप्तीत घर घेणाऱ्याला प्रामाणिक भाडेकरूला किमान ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सवड मिळते, एवढेच. म्हणून उताऱ्यात गहाणाची नोंद दिसली तर बँकेची संमती विचारणे हा आगाऊपणा नव्हे.

आता जे पुरावे म्हणून पुढे केले जातात पण पुरावे नसतात, त्यांच्याकडे वळतो. वीजबिलावर ग्राहकाचे नाव असते, आणि तो ग्राहक जुना मालक किंवा जुना भाडेकरू असू शकतो. मालमत्ता कराची पावती कर भरल्याचे सांगते, मालकी ठरवत नाही. किल्ली तर कशाचाच पुरावा नाही. चार दिवसांसाठी घर घ्यायचे, त्या चार दिवसांत इच्छुकांना ते ‘माझे घर’ म्हणून दाखवायचे, प्रत्येकाकडून अनामत घ्यायची आणि पाचव्या दिवशी नाहीसे व्हायचे, ही पद्धत अनेक देशांत वापरली गेली आहे; त्यात भाडेकरूने घर आतून पाहिलेले असते, कपाटे उघडलेली असतात, आणि तरीही घर दाखवणाऱ्याचा त्या घराशी काडीचा संबंध नसतो. अशा वेळी उतारा सांगणार नाही ते शेजारी सांगतात. इमारतीचा व्यवस्थापक, पहारेकरी किंवा समोरच्या दारातल्या आजी यांना ‘या घराचे मालक कोण, आधी कोण राहत होते’ एवढे विचारायला काही लागत नाही. मात्र ही चौकशी घर दाखवणारा सोबत नसताना, वेगळ्या वेळी जाऊन करावी.

हे सगळे मागायचे कसे, हा बहुतेकांचा खरा प्रश्न असतो. संशय दाखवून मागितले की मालक दुखावतो, आणि घरांची चणचण असेल तर घर हातचे जाते. मी करार पुढे करायला सांगतो: ‘करारात आपले नाव आणि घराचे वर्णन नोंदीप्रमाणेच यावे, म्हणून मालकीच्या कागदाची प्रत आणि ओळखपत्र पाहू द्याल का?’ यात अविश्वास नाही, काम आहे, आणि ज्याचे घर खरोखर आहे तो सहसा कपाटातून फाइल काढून देतो. काही ठिकाणी कायदाही मदतीला येतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानुसार भाडेकरूने लेखी विचारल्यास, भाडे घेणाऱ्याने २१ दिवसांत घरमालकाचे नाव आणि पत्ता कळवलाच पाहिजे. स्कॉटलंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्याला स्थानिक परिषदेकडे नोंदणी करावी लागते, ती नोंद कोणालाही पाहता येते आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. ‘दुसरे दोन जण तयार आहेत, संध्याकाळपर्यंत पैसे पाठवा, कागद नंतर देतो’ असे उत्तर आले, तर घर कितीही मनात भरले असले तरी ते त्या दोघांना जाऊ द्यावे.

एक प्रसंग राहायला गेल्यानंतरचा आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतो. वर्ष-दीड वर्षाने अचानक पत्र येते, की घर विकले गेले आहे, यापुढे भाडे या नव्या खात्यात भरावे. पत्र खरे असू शकते. ज्याला तुमचे आणि मालकाचे नाव कळले आहे अशा तिसऱ्याच माणसाने पाठवलेलेही असू शकते. अशा वेळी सगळी तपासणी पुन्हा करावी: नवा उतारा स्वतः काढावा, जुन्या मालकाला त्याच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करावा, आणि दोघांची सही असलेले पत्र मागावे. भारतातल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे, हस्तांतर झाले आहे असे मानायला कारण नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर तेच भाडे नव्या मालकाला पुन्हा द्यावे लागत नाही. पण पत्र मिळाल्यावर ते कारण निर्माण होते, त्यामुळे ते खणात टाकून जुन्याच खात्यात भाडे भरत राहणेही बरे नाही. पत्र मिळाले, खातरजमा करत आहे, तोपर्यंत भाडे बाजूला ठेवले आहे, असे दोघांनाही त्याच दिवशी लेखी कळवावे.